रिमोट डेस्कटॉप लागत नाही? आधी कुठे अडलंय ते शोधा

या वेळी आलेल्या पत्रांमधे एकाच विषयाची पत्रं इतकी होती की अख्खं सदर त्यालाच दिलंय. घरातल्या घरात एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यात रिमोट डेस्कटॉपने शिरायचं असतं आणि ते होत नाही. बोलायला सोपं जावं म्हणून ज्या पीसीत शिरायचंय त्याला होस्ट म्हणू आणि ज्याच्या समोर तुम्ही बसलाय तो क्लायंट.

पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसली. लोक एकाच संध्याकाळी फायरवॉल (बाहेरून येणारी नको ती कनेक्शन अडवणारा पहारेकरी) बंद करतात, राउटर रीसेट करतात, पासवर्ड बदलतात, ॲप काढून परत टाकतात, आणि मग चालू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, वर फायरवॉल तसाच बंद राहून जातो. कृपा करून एका वेळी एकच गोष्ट बदला. कनेक्शन चार ठिकाणी अडू शकतं, होस्टपर्यंत पोचतच नाही, पोचतं पण पोर्ट, म्हणजे त्या प्रोग्रॅमसाठीचं नंबर दिलेलं दार, बंद असतो, पोर्ट उघडा असतो पण लॉगिन होत नाही, आणि लॉगिन होतं पण स्क्रीन नीट दिसत नाही. आपलं यातलं कुठलं ते कळलं की निम्म्या गोष्टींना हात लावायची गरजच उरत नाही.

प्रश्न : नमस्कार, वरच्या खोलीत डेस्कटॉप आहे, विंडोज ११ प्रो, आणि मी खाली लॅपटॉपवर असतो. इतके दिवस मस्त चालत होतं, मधे लाइट गेली आणि परत आली तेव्हापासून बंद. एररमधे तीन कारणं येतात, रिमोट ॲक्सेस चालू नाही, कॉम्प्युटर बंद आहे नाहीतर नेटवर्कवर नाही. पण पीसी चालू आहे, त्यावर नेट पण चालतंय! पिंग केलं तर रिक्वेस्ट टाइम्ड आउट. फायरवॉल पूर्ण बंद करून बघू का?

उत्तर : नको, फायरवॉलला हात लावू नका, कारण खरं कारण बहुतेक तुमच्या पत्रातच आहे. लाइट गेली म्हणजे राउटरही बंद होऊन चालू झाला, आणि घरातल्या सगळ्या यंत्रांना आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, वाटायचं काम तोच करतो, डीएचसीपी म्हणतात त्याला. परत चालू झाल्यावर त्याने डेस्कटॉपला वेगळा ॲड्रेस दिला असणार आणि तुमच्या लॅपटॉपमधलं सेव्ह केलेलं कनेक्शन अजून जुन्याच ॲड्रेसवर जातंय. डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाइप करा आणि आयपीव्हीफोर ॲड्रेस काय दिसतो ते बघा. घरात तो बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होतो, काही राउटरवर १० ने, क्वचित १७२.१६ ते १७२.३१ मधला असतो. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून ॲड्रेस मिळालेलाच नाही, विंडोजने स्वतःच एक लावून घेतलाय, पण तुमचं नेट चालू आहे म्हणजे तो प्रकार नाही. नवा ॲड्रेस लॅपटॉपवर टाकून बघा, बहुतेक लगेच लागेल.

आता पिंगबद्दल, म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का बघणाऱ्या कमांडबद्दल, कारण पिंग लागत नाही म्हणून पीसी नेटवर्कवरच नाही असं कितीतरी जण धरून चालतात. विंडोजचा फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही आणि तरी रिमोट डेस्कटॉप व्यवस्थित चालू असतो, म्हणजे घरात माणूस आहे पण हाकेला ओ देत नाही. त्यामुळे पिंग फेल गेलं की लगेच क्लायंटवर एआरपी, स्पेस, हायफन, ए अशी कमांड द्या. जी यादी येते तिच्यात होस्टच्या आयपीसमोर फिजिकल ॲड्रेस दिसला तर होस्ट जिवंत आहे आणि दोघं एकाच नेटवर्कमधे आहेत, कारण हा निरोप फायरवॉलच्या खालच्या थरात जातो, फायरवॉल त्याला अडवत नाही. तिथे काहीच दिसलं नाही तर आयपी चुकलाय, नाहीतर होस्ट झोपलाय, नाहीतर दोघं वेगळ्या नेटवर्कवर आहेत.

यापुढची आणि माझ्या मते सगळ्यात कामाची टेस्ट पॉवरशेलमधे आहे. टीएनसी, स्पेस, होस्टचा आयपी, स्पेस, हायफन पोर्ट, स्पेस, ३३८९. रिमोट डेस्कटॉप या ३३८९ नंबरच्या पोर्टवर ऐकत असतो. शेवटच्या ओळीत टीसीपी टेस्ट सक्सीडेडच्या पुढे ट्रू आलं तर नेटवर्क, राउटर, फायरवॉल, सगळं ठीक आहे, तुमचा प्रॉब्लेम लॉगिनचा आहे, खाली त्यावर वेगळं पत्र आहे ते वाचा. फॉल्स आलं तर हीच टेस्ट खुद्द होस्टवर बसून करा, आयपीच्या जागी लोकलहोस्ट लिहून. तिथेही फॉल्स म्हणजे रिमोट डेस्कटॉप चालूच नाही, सेटिंग्जमधे सिस्टम आणि त्यात रिमोट डेस्कटॉप इथे जाऊन चालू करा. होस्टवर ट्रू आणि क्लायंटवरून फॉल्स, तर मधे कोणीतरी अडवतंय, आणि इथे कुठे फायरवॉलचा विषय येतो. तेव्हासुद्धा पूर्ण फायरवॉल बंद करायचा नसतो, परवानगी दिलेल्या ॲप्सच्या यादीत रिमोट डेस्कटॉपवर टिक आहे का ते बघायचं असतं. वेगळा अँटिव्हायरस टाकलेला असेल तर त्याचा स्वतःचा फायरवॉल असू शकतो आणि विंडोजमधे सगळं बरोबर असूनही तो अडवतो, याकडे लोकांचं लक्षच जात नाही.

अजून एक बघा, वायफायच्या प्रॉपर्टीजमधे नेटवर्क प्रोफाइल पब्लिक आहे का प्रायव्हेट. पब्लिक असेल तर नेटवर्क डिस्कव्हरी बंद असते, त्यामुळे पीसीच्या नावाने कनेक्ट करणाऱ्यांना होस्ट सापडत नाही, आणि बरेच अँटिव्हायरसही पब्लिक नेटवर्कवर कडक होतात. घरच्या वायफायला प्रायव्हेट ठेवा. आणि नावाने लागत नसेल तर एकदा आयपीने करून बघा, आयपीने लागलं म्हणजे फक्त नाव शोधण्याची अडचण आहे, बाकी सगळं बरोबर.

परत हे होऊ नये म्हणून राउटरमधे होस्टसाठी ॲड्रेस रिझर्व्ह करून टाका, डीएचसीपीच्याच पानावर रिझर्व्हेशन नावाने असतं. होस्टमधेच स्टॅटिक आयपी टाकण्यापेक्षा हे बरं, कारण सगळे नंबर एकाच जागी राहतात आणि दोघांना एकच नंबर जायची भीती नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. वायफायचा मॅक ॲड्रेस, म्हणजे वर म्हटलेला फिजिकल ॲड्रेस, वेगळा आणि केबलच्या पोर्टचा वेगळा असतो, एकासाठी रिझर्व्ह केलं आणि उद्या केबल लावली तर ते लागू होणार नाही. आणि विंडोजमधे रँडम हार्डवेअर ॲड्रेस नावाचा पर्याय आहे तो होस्टवर बंद ठेवा, नाहीतर राउटरला तो पीसी ओळखूच येत नाही.

प्रश्न : माझ्या पीसीवर रिमोट डेस्कटॉप चालू करायचं बटणच नाहीये, विंडोज होम आहे. एक पॅच मिळतो म्हणे नेटवर, तो टाकला की होमवर पण चालतं, टाकू का?

उत्तर : बटण नाही कारण होम एडिशन होस्ट होऊच शकत नाही, त्यासाठी प्रो, एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन लागते. होमवरून दुसऱ्या पीसीत शिरता मात्र येतं, त्यामुळे दोनपैकी एक पीसी प्रो असेल तर दिशा उलटी करून काम होतंय का तेही बघा.

पॅच टाकू नका. विंडोजच्या ज्या सर्व्हिसमधून कोणीही बाहेरून तुमच्या पीसीत शिरू शकतं तिच्यातच ढवळाढवळ करणारा तो प्रोग्रॅम असतो, कोणी बनवला आणि त्यात अजून काय घातलंय हे तुम्हाला कळायला मार्ग नाही, आणि विंडोज अपडेट आला की तो बहुतेक वेळा मोडतोच. एकतर प्रोवर अपग्रेड करा, नाहीतर क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा रस्टडेस्क वापरा, दोन्ही होमवर चालतात. कोणाला कधीतरी मदत करण्यापुरतंच हवं असेल तर विंडोजमधलं क्विक असिस्ट पुरतं, मात्र त्यात समोर माणूस बसलेला लागतो.

प्रश्न : कनेक्ट होतंय, युझरनेम पासवर्डची खिडकी पण येते, पण कितीही वेळा टाका, युअर क्रेडेन्शियल्स डिड नॉट वर्क. मी रोज त्याच पीसीवर त्याच पिनने लॉगिन करते! पासवर्ड बदलून पण झाला, काही फरक नाही. आईच्या पीसीवर तर पासवर्डच ठेवलेला नाही, तिथे पण होत नाही. खरंच वैताग आलाय.

उत्तर : वैताग येणारच, कारण विंडोज खरं कारण सांगतच नाही, सगळ्याला तीच एक ओळ. पण चांगली बातमी ही की खिडकी येतेय म्हणजे नेटवर्कचा काही दोष नाही, राउटरकडे बघूसुद्धा नका.

पिन त्या एका यंत्रापुरता असतो, तो नेटवर्कवरून पासवर्डच्या जागी चालत नाही. इथे पासवर्डच लागतो, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करत असाल तर त्या अकाउंटचा पासवर्ड. आता तुम्ही म्हणाल तो पण टाकून बघितला. इथेच खरी गोम आहे. पीसी घेतल्या दिवसापासून तुम्ही फक्त पिन किंवा बोटाच्या ठशाने आत जात असाल तर तुमचा पासवर्ड त्या पीसीने कधी बघितलेलाच नसतो, आणि मग बाहेरून बरोबर पासवर्ड आला तरी तो पडताळता येत नाही. पासवर्ड ऑनलाइन बदलूनही फरक पडला नाही तो याचमुळे. होस्टवर सेटिंग्जमधे अकाउंट्स, साइन इन ऑप्शन्स इथे जा, फक्त विंडोज हॅलोनेच साइन इन करू द्या अशा अर्थाचा एक स्विच आहे तो बंद करा, मग साइन आउट करा, लॉगिनच्या स्क्रीनवर पिनऐवजी पासवर्डचा पर्याय निवडा आणि एकदा, फक्त एकदा, पासवर्ड टाकून आत या. नंतर पिन वापरत राहा, हरकत नाही. युझरनेममधे मायक्रोसॉफ्टअकाउंट, मग बॅकस्लॅश, मग पूर्ण ईमेल असं लिहा म्हणजे गोंधळ राहत नाही. तुम्ही मायक्रोसॉफ्ट अकाउंट पूर्ण पासवर्डलेस करून टाकलं असेल तर मात्र टाकायला पासवर्डच उरत नाही, तेव्हा खालचा उपाय करा.

आईंच्या पीसीचं कारण वेगळं आहे. ज्या लोकल अकाउंटला पासवर्ड नाही त्याला विंडोज फक्त समोर बसून लॉगिन करू देतो, नेटवर्कवरून नाही, आणि हा नियम मुद्दाम तसा ठेवलाय. तो नियम काढायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका, पासवर्ड लावा. आईंना रोज टाइप करायचा त्रास नको असेल तर त्याच पीसीवर फक्त रिमोटसाठी वेगळं लोकल अकाउंट काढा, चांगला लांब पासवर्ड द्या, आणि रिमोट डेस्कटॉपच्या पानावर परवानगी असलेल्या युझर्समधे ते घाला. मला स्वतःला हाच मार्ग सगळ्यात आवडतो, मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या भानगडी मधे येत नाहीत. युझरनेम लिहिताना पीसीचं नाव, बॅकस्लॅश, अकाउंटचं नाव. होस्टवर त्या अकाउंटने आत येऊन हूॲमआय ही कमांड दिली की नेमकं काय लिहायचं ते दिसतं. पण एक लक्षात ठेवा, असं आत गेल्यावर तुम्हाला त्या नव्या अकाउंटचा डेस्कटॉप दिसेल, आईंचा नाही, आणि तेवढा वेळ आईंची स्क्रीन लॉक होईल, कारण साध्या विंडोजमधे एका वेळी एकालाच बसता येतं. त्यांच्यासोबत तीच स्क्रीन बघून काही समजवायचं असेल तर वर सांगितलेलं क्विक असिस्टच बरं.

सारखं सारखं ट्राय करताना जरा दम घ्या. नव्याने टाकलेल्या विंडोज ११ मधे १० वेळा चुकलं की अकाउंट १० मिनिटं लॉक होतं, आणि मग बरोबर पासवर्डही चालत नाही. शिवाय जुना चुकीचा पासवर्ड क्लायंटमधे सेव्ह झालेला असू शकतो, कंट्रोल पॅनेलमधे क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून टर्मसर्व्ह ने सुरू होणारी नोंद काढून टाका.

प्रश्न : आमच्याकडे नेटवाल्यांचा राउटर आहे आणि रेंज येत नाही म्हणून मी अजून एक स्वतःचा राउटर लावलाय त्याच्या पुढे. गंमत अशी की माझ्या लॅपटॉपवरून हॉलमधल्या पीसीत जाता येतं पण हॉलमधल्या पीसीवरून माझ्या लॅपटॉपमधे येता येत नाही, सेटिंग दोन्हीकडे सेम आहे.

उत्तर : सेटिंग सेम आहे पण जागा सेम नाही. तुमचा लॅपटॉप दुसऱ्या राउटरच्या आत आहे आणि हॉलमधला पीसी पहिल्या राउटरवर. दोन्हीकडे आयपीकॉन्फिग करून बघा, एकाचा १९२.१६८.०, दुसऱ्याचा १९२.१६८.१ असं काहीतरी निघेल. आतून बाहेर जाणारं कनेक्शन दुसरा राउटर जाऊ देतो, बाहेरून आत येणारं स्वतःहून कुठे पाठवायचं हे त्याला माहीत नसतं म्हणून टाकून देतो. डबल नॅट म्हणतात याला. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो स्वतः ॲड्रेस वाटणं बंद करेल आणि सगळं घर एकाच नेटवर्कमधे येईल. तसा मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी पहिल्या राउटरच्या रांगेतला पण कोणी न वापरलेला असा ठेवा, आणि केबल वॅन (इंटरनेटकडच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टमधे लावा.

याच्यासारखाच दिसणारा दुसरा प्रकार गेस्ट वायफायचा. एक यंत्र चुकून गेस्टवर जोडलेलं असतं, नेट दोन्हीवर चालतं म्हणून संशयही येत नाही, पण गेस्टमधल्या यंत्रांना घरातली बाकीची यंत्रं दिसू नयेत म्हणूनच तर ते असतं. काही राउटरवर मेन वायफायलाही आयसोलेशनचा पर्याय असतो, तोही बंद आहे ना बघा.

प्रश्न : ऑफिसचा लॅपटॉप घरी आणतो, त्याच्यावरून घरच्या पीसीत जायचं असतं फाइल बघायला. ऑफिसचं व्हीपीएन लावलं की कनेक्शन तुटतं, काढलं की चालतं. काही जुगाड?

उत्तर : व्हीपीएन काढल्यावर चालतं हे तुम्हीच तपासलंय, म्हणजे निदान झालेलंच आहे. व्हीपीएन म्हणजे दुसऱ्या नेटवर्कमधे नेणारा सुरक्षित बोगदा, तो लागला की लॅपटॉपचा सगळा ट्रॅफिक ऑफिसकडे वळतो, घरच्या नेटवर्कसाठी असलेलासुद्धा, किंवा ऑफिसच्या नेटवर्कमधेही तुमच्या घरासारखेच ॲड्रेस असतात आणि लॅपटॉपला वाटतं तुम्ही तिकडचंच यंत्र मागताय. ॲड्रेस सारखे असतील तर घरच्या राउटरची रांग बदलून, समजा १९२.१६८.८७ करून, सुटू शकतं आणि त्याला कोणाची परवानगी नको. पण सगळा ट्रॅफिक मुद्दाम वळवलेला असेल तर तो ऑफिसचा निर्णय आहे, त्याला फाटा देऊ नका, त्यांच्या आयटीवाल्यांना विचारा. आणि होस्टवर स्वतःचं एखादं व्हीपीएन ॲप असेल तर त्यात लोकल नेटवर्कला परवानगी देणारा पर्याय शोधा, त्यानेही हेच होतं.

प्रश्न : लागतं पण इतकं अडकत अडकत चालतं की माउस हलवला की दोन सेकंदांनी हलतो. नेटचा प्लॅन डबल केला तरी तेच. कधीकधी तर नुसती काळी स्क्रीन.

उत्तर : प्लॅनचा याच्याशी संबंधच नाही हो. दोन्ही यंत्रं घरातच असतील तर हा ट्रॅफिक इंटरनेटवर जातच नाही, राउटरपर्यंत जातो आणि परत येतो. अडकतंय ते बहुतेक वायफायमुळे. होस्ट पण वायफायवर आणि क्लायंट पण वायफायवर असेल तर स्क्रीनचा प्रत्येक तुकडा त्याच हवेतून दोनदा जातो, एकदा होस्टकडून राउटरकडे आणि एकदा राउटरकडून तुमच्याकडे. निदान होस्टला तरी केबल लावा, एवढ्यानेच खूप फरक पडतो. केबल शक्यच नसेल तर दोघांनाही ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, २.४ वर शेजारपाजारचे सगळे राउटर आणि ब्लूटूथ एकाच जागेत भांडत असतात.

कुठला टप्पा खराब आहे ते बघायचं तर दोन्ही यंत्रांवरून राउटरला पिंग करा, हायफन टी लावून, म्हणजे ते चालूच राहतं. एका ठिकाणी सगळे आकडे काही मिलिसेकंदांच्या आत आणि दुसऱ्या ठिकाणी मधेच दोनशे, तीनशे, टाइम आउट असं दिसलं तर दोषी कोण ते कळलं. दोन्हीकडे आकडे छान असूनही अडकत असेल किंवा मधेच फ्रीझ होऊन तुटत असेल तर यूडीपीवर, म्हणजे पोचल्याच्या उत्तराची वाट न बघता डेटा पाठवायच्या पद्धतीवर, संशय घ्या. रिमोट डेस्कटॉप २०१२ सालच्या ८.० आवृत्तीपासून टीसीपीसोबत यूडीपीही वापरतो, एरवी त्याने वेगच मिळतो, पण काही राउटर आणि व्हीपीएनवर ते नीट जात नाही. वरच्या पट्टीतल्या सिग्नलच्या चिन्हावर क्लिक केलं की यूडीपी चालू आहे का ते लिहिलेलं असतं. क्लायंटच्या ग्रुप पॉलिसीत यूडीपी बंद करायची सेटिंग आहे, ती लावून परत जोडा, फरक पडला नाही तर पूर्वीसारखी करून ठेवा.

काळी स्क्रीन आली की आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एंड दाबा, डिलीट नाही, डिलीट दाबलं तर ते तुमच्या समोरच्याच पीसीला लागतं. मेनू दिसला तर कनेक्शन जिवंत आहे, टास्क मॅनेजर उघडून एक्सप्लोरर नव्याने चालू करा. मेनूही येत नसेल तर तोडा, क्लायंटच्या एक्सपीरियन्स टॅबमधे पर्सिस्टंट बिटमॅप कॅशिंगवरची टिक काढा आणि परत जोडा. वारंवार होत असेल तर होस्टचा ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा.

प्रश्न : मला घराबाहेरून पण घरचा पीसी हवाय. राउटरमधे ३३८९ पोर्ट फॉरवर्ड केला पण तरीही बाहेरून लागत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : लागत नाहीये हे आत्ता तुमचं नशीब समजा आणि आज, आत्ता, तो फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला थेट होस्टकडे पाठवायचा राउटरमधला नियम, काढून टाका. ३३८९ इंटरनेटवर उघडा टाकला की तो शोधायला कोणी माणूस बसत नाही, प्रोग्रॅम चोवीस तास सगळे ॲड्रेस चाळत असतात, आणि सापडला की पासवर्डचे अंदाज सुरू. मे २०१९ मधे ब्लूकीप नावाची चूक सापडली होती, तिच्यात तर पासवर्डसुद्धा लागत नव्हता, विंडोज ७ आणि त्याआधीच्या यंत्रांमधे नुसत्या उघड्या पोर्टवरून शिरता येत होतं, आणि ती इतकी गंभीर होती की सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. त्याच वर्षी ऑगस्टमधे विंडोज १० लाही लागू पडणाऱ्या तशाच चुका दुरुस्त कराव्या लागल्या. पोर्टचा नंबर बदलून ठेवला की झालं असं सांगणारे भेटतील, ते खरं नाही, चाळणारे प्रोग्रॅम सगळेच नंबर बघतात.

लागत का नव्हतं तेही सांगून ठेवते. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा, तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुमच्या नेटवाल्यांनी एकच पब्लिक ॲड्रेस कितीतरी घरांमधे वाटलाय आणि बाहेरून येणारं कनेक्शन तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, मग तुम्ही घरात किती का पोर्ट उघडेनात.

बरोबर मार्ग व्हीपीएनचा. बाहेरून आधी घरच्या नेटवर्कमधे यायचं आणि मग घरात बसल्यासारखं होस्टला जोडायचं, म्हणजे ३३८९ जगाला दिसतच नाही. राउटरमधे वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएनचा सर्व्हर असेल आणि वॅन आयपी खरा पब्लिक असेल तर तो वापरा. वर म्हटल्यासारखा वाटलेला ॲड्रेस असेल तर टेलस्केलसारखं काहीतरी बघा, दोन्ही यंत्रांवर टाकायचं आणि एकाच अकाउंटने लॉगिन करायचं, पोर्ट उघडायची गरज नाही, होस्टला एक वेगळा आयपी मिळतो तोच रिमोट डेस्कटॉपमधे टाकायचा. त्या अकाउंटला टू स्टेप व्हेरिफिकेशन लावायला विसरू नका, आता घराची किल्ली तेच आहे.

प्रश्न : रात्री काम करून डिस्कनेक्ट करते, सकाळी लागत नाही, वर जाऊन पीसीचं बटण दाबलं की लागतं.

उत्तर : पीसी झोपतोय. पॉवर सेटिंगमधे स्क्रीन बंद होऊ द्या पण स्लीप नेव्हर करा, लॅपटॉप असेल तर झाकण बंद केल्यावर काय करायचं तेही. वीज वाचवायची असेल तर वेक ऑन लॅन लावा, १०२ बाइट्सचं छोटंसं पॅकेट असतं ज्यात त्या यंत्राचा मॅक ॲड्रेस १६ वेळा असतो, ते आलं की यंत्र जागं होतं. बायोसमधे आणि नेटवर्क ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधे दोन्हीकडे चालू करावं लागतं, आणि होस्ट केबलवर हवा, वायफायवर त्याचा भरवसा नाही. पीसी स्लीपला ठेवा, शटडाउन नको, कारण फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउन केलेला पीसी बहुतेक वेळा या पॅकेटने उठत नाही.

प्रश्न : सगळं चालतं, फक्त मधेच कॉपी पेस्ट बंद पडतं. दरवेळी डिस्कनेक्ट करून परत यायचं का?

उत्तर : नाही. होस्टवर, म्हणजे रिमोट सेशनच्या आत, टास्क मॅनेजर उघडा, आरडीपीक्लिप नावाची प्रोसेस बंद करा, मग रनमधे तेच नाव टाइप करून परत चालू करा, लगेच चालायला लागतं. मोठ्या फाइल्स मात्र क्लिपबोर्डने नेऊ नका, तेव्हाच ते जास्त अडकतं. क्लायंटच्या लोकल रिसोर्सेस टॅबमधे तुमचा ड्राइव्ह जोडून घ्या, मग तो होस्टच्या एक्सप्लोररमधे दिसतो आणि तिथून फाइल हलवता येते.